कोपरा नसलेले कार्ड

ताजी घडामोड अशी की, १० जानेवारी १९९४ रोजी मी ओतूरहून धाडलेले पोस्टकार्ड अवसरी खुर्दला पोहोचले होते, पण ते कोणीही वाचले नव्हते. माझी भाची आरती हिने गेल्या रविवारी फोनवरून याला दुजोरा दिला. त्यामुळे बरेच दिवस पुढे ढकललेले हे काम आज उरकतो.

मी, रामनाथ गेणभाऊ डुंबरे, वय ७६, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, चौतीस वर्षे एका दैनिकाचा तालुका वार्ताहर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके जागेवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला, तो सोबत जोडला आहे. पत्नी लंकाबाईने तो वाचून, "बरं झालं बाई, मला तर शंकाच व्हती," असे मत नोंदवले.

१. ओतूरचे राहते घर लंकाबाईच्या हयातीत तिचे राहील. तिच्या पश्चात घर आणि विहिरीकडचे कांद्याचे रान मुलगा मोहित याचे. पतसंस्थेतील ठेव लंकाबाईची. ती कशी खर्च करायची याबद्दल मोहितने तिला सल्ला देऊ नये.

२. माझा मराठी टाइपरायटर मोहितची मुलगी संस्कृती हिला द्यावा. आमच्या कार्यालयातील कोणालाही तो देऊ नये. तेथील उपसंपादकांनी चौतीस वर्षे माझ्या बातम्यांचे शेवटचे परिच्छेद कापले. माझा राग नाही, पण टाइपरायटर देण्याइतका लोभही नाही.

३. बहीण प्रयागबाई भोर हिने १९७१ ते १९९३ या काळात दर संक्रांतीला सासरहून, म्हणजे अवसरी खुर्दहून, पाठवलेली तेवीस कार्डे व पाकिटे माझ्या कपाटात लाल फडक्यात बांधलेली आहेत. पहिल्यात ती लिहिते, "सगळे चांगले आहेत. इथल्या भाकरी जाड असतात." एका पाकिटाला हलव्याचे दाणे अजून चिकटलेले आहेत. दुसऱ्या एका कार्डात आरतीने तिळगूळ कागदासकट खाल्ल्याची बातमी आहे. आपल्याकडे कोणी गेल्याचे कार्ड कोपरा फाडून पाठवतात आणि वाचून झाले की तेही फाडतात, घरात ठेवत नाहीत. त्यामुळे या गठ्ठ्यात सगळी माणसे अजून हयात आहेत.

हा गठ्ठा मी प्रयागबाईला देत आहे. १९९३ नंतर त्यात एकही कार्ड का पडले नाही, हे लिहिणे भाग आहे.

१९९३ च्या भाऊबिजेला ती म्हणाली, "दादा, आईला थंडीचे दोन म्हैने माझ्याकडं नेते." मी भरल्या घरात बोललो, "आई काय पाहुणी हाय का? आन तू आता या घरची न्हाईस." ती ओवाळणी न घेता गेली. दोन महिने मला स्वतःची लाज वाटत राहिली आणि संक्रांतीच्या निमित्ताने मी कार्ड लिहिले. त्याचा मजकूर मला पाठ आहे. तो असा:

"सौ. प्रयागबाईस आशीर्वाद. भाऊबिजेला मी बोललो ते चूक. घर तुझे आहे आणि आईही. २० तारखेला सकाळी तिला नारायणगावच्या स्टँडवर आणतो, तू ये. तिळगूळ तिच्याबरोबर आहे. दादा."

वीस तारखेला आई कुशाबाई आणि मी तेथे संध्याकाळपर्यंत बसलो. कोणी आले नाही. बहिणीने आपली माफी नाकारली, असे मी समजलो आणि स्टँडवरची गोष्ट तिच्यापुढे कधी काढायची नाही, अशी शपथ आईला घातली. मी चूक कबूल करायला एक कार्डही पाठवले नाही, असे ती समजली. पुढे आई होती तोवर प्रयाग वर्षातून दोनदा तिला भेटायला येई आणि त्या दिवशी मी न चुकता जुन्नरला बातमी काढायला जाई. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय साधी चोरीची बातमी मी पाठवली नाही. बहिणीकडे मात्र बत्तीस वर्षांत एकदाही चौकशी केली नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

आता आरतीने सांगितले ते. प्रयागच्या थोरल्या जाऊबाई साळुबाई, वय ८५, यांनी तिला जवळ बसवून सांगितले, "त्या सालच्या संक्रांतीला एक कारड आलं व्हतं. कोपरा न्हवता. मला वाचाया येत न्हाई. पोरी सुगडं पुजाया बसल्यात, आता कुनाचं सुतक घरात घ्यायचं? चुलीत घातलं. सण झाल्यावर सांगनार व्हते. पर कुनी गेल्याचं कानावर येईना, मग भ्याव वाटाया लागलं."

कोपऱ्याचा तपास मी सोमवारी केला. कार्ड पेटीत टाकायला मी शेजारी भिका तांबे याच्याकडे दिले होते.

"त्यो शेळीनं खाल्ला व्हता राव," भिका म्हणाला.

"मग तसंच टाकलंस?"

"अक्षरं समदी शाबूत व्हती. आन सणाच्या दिसांत मरण कुनाच्या ध्यानात येतंय?"

म्हणजे साळुबाईंना सणात मरण दिसले आणि भिकाला दिसले नाही. दोघांचेही माझ्याशी वैर नव्हते.

४. सबब, साळुबाईंना या बाबतीत कोणीही बोल लावू नये. त्यांना माझ्यातर्फे एक लुगडे द्यावे, ते लंकाबाई पसंत करील. भिकाकडे अकरा वर्षे असलेली माझी शिडी आता त्याचीच समजावी.

५. आरतीने सगळी हकिगत आईला सांगितली. प्रयाग एवढेच म्हणाली, "कारडात काय व्हतं ते फोनवर नगं. लिव्हलं व्हतं ना, मग लिवूनच धाड म्हणावं." त्याप्रमाणे वरील मजकूर, तारीख व ठिकाण बदलून आणि आता हयात नसलेल्या आईला आणण्याचा भाग गाळून, मी नव्या कार्डावर उतरवला आहे. तिने संक्रांतीला माहेरी यावे, असे त्यात म्हटले आहे. कार्ड घेऊन मी स्वतः पोस्टात जाणार आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुन्नरच्या वकील प्रतिभा घोलप यांनी करावी. कार्ड पोहोचण्यापूर्वी माझे काही झाल्यास गठ्ठा व हे मृत्युपत्र, दोन्ही प्रयागबाईच्या हाती द्यावे आणि कलम तीन तिला आरतीने मोठ्याने वाचून दाखवावे.

तथापि तसे होईल असे दिसत नाही. माझी तब्येत ठीक आहे. कार्ड सोमवारपर्यंत पोहोचावे. प्रयागने होकार कळवलेला नाही. मात्र आरतीने आज दुपारी कळवले की, आईने शेजारणीला सुगडांची पूजा यंदा सकाळी लवकर उरकायला सांगितली आहे आणि ओतूरला थेट गाडी किती वाजता असते, ते दोनदा विचारले आहे. ती बुधवारी, संक्रांतीला, आली तर गठ्ठा स्वतःच घेऊन जाईल आणि कलम तीन निरर्थक ठरेल. तेवढे कलम गाळून नवे मृत्युपत्र करावे लागेल, याची कल्पना वकीलबाईंना दिली आहे. त्यांनी गुरुवारची वेळ राखून ठेवली आहे.

लिहून देणार : रामनाथ गेणभाऊ डुंबरे (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. भिका तांबे, ओतूर (सही)
२. अक्षदा ढमाले, ओतूर (सही)

ठिकाण : ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे
दिनांक : ८ जानेवारी २०२६