ओल्ड इंग्लिशच्या खिळ्यांची वाटणी

मी, जयवंत धोंडू गुरव, वय बावीस, धंदा छापखान्यात खिळे जुळवणे, राहणार वाकोला, सोमवारी माझ्या अपेंडिक्सचं ऑपरेशन असल्याकारणाने हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. छापखान्यातला माझा जोडीदार बाळा म्हणतो, नाही. त्याला विचारलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, "साधं ऑपरेशन आहे रे!" असेल. पोट माझं आहे.

१. सायकल धाकटा भाऊ कुंडलिक यास. घंटी वाजत नाही, तोंडाने ओरडावे. बँकेतली शिल्लक आईस.

२. ज्या प्राध्यापकांनी मला सेकंड इयरला वर्गाबाहेर काढलं, त्यांस काहीही नाही. मीही परत गेलो नाही. मात्र त्यांच्या कॉलेजची सर्टिफिकिटं दरवर्षी मीच जुळवतो, हे त्यांस कळवावे.

३. मुख्य मिळकत: छापखान्याचे मालक अण्णा यांनी मोडीत काढून मला दिलेले ओल्ड इंग्लिश वळणाचे शिशाचे खिळे. ही इंग्रजी अक्षरं तिरक्या कापलेल्या बोरूने काढल्यासारखी दिसतात. उभ्या रेघा जाड, काळ्याभोर. कोपरे मोडून टोकदार. मध्येच केसाएवढी बारीक रेघ. सर्टिफिकिटाचा मथळा, वर्तमानपत्राचं नाव, वाकोल्यातल्या ख्रिस्ती घरांतली लग्नाची आणि मयताची कार्डं, इथे दोन-तीन शब्द मोठे लावावेत, भोवती जागा सोडावी. झकास दिसतात. पत्ता किंवा औषधाचं लेबल यात छापणाऱ्यास माझा शाप.

हे खिळे बाळास, एका अटीवर. कॅपिटल फक्त शब्दाच्या सुरुवातीला. सगळीच कॅपिटलं लावली की नक्षीची लोखंडी फाटकं एकाला एक खेटून उभी केल्यासारखं होतं. आत कोणी शिरूच शकत नाही.

४. ही अट का, ते लिहिणं भाग आहे. पार्ल्याच्या उत्तरा प्रधान हिला मी गणपतीनंतर एक कार्ड छापून पाठवलं: 'विल यू मॅरी मी'. सगळं ओल्ड इंग्लिशमध्ये, सगळं कॅपिटल. शोभेला काळी चौकट. खाली माझं नाव, तेही तसंच.

तिचे वडील सॉलिसिटरकडे हेडक्लार्क. त्यांना चष्मा लावून पहिला शब्द तेवढा लागला. म्हणाले, "विल! कुणाचं तरी मृत्युपत्र आहे." आईने चौकट पाहिली आणि सगळ्यांना आंघोळीला धाडलं.

तासाभरात उत्तरा ओल्या केसांनी छापखान्यात आली. हे सगळं तिनेच सांगितलं.

"जयवंत, हे तुमच्याकडचंच ना? कोण गेलं रे?"

माझं डोकं फिरलं. "मी गेलो!"

"असं? मग बारावा कधी?"

एवढं म्हणून गेली. तेव्हापासून पोटात दुखतंय.

५. सबब कॅपिटल 'यू'चा खिळा बाळास न देता उत्तरास द्यावा. तो तिच्या नावाचाही आहे आणि कार्डातलाही. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात बघावं. कार्डाचे उरलेले शब्द लागले, तर उत्तर सोमवारच्या आत द्यावं.

वरील मजकूर छापखान्यात बसून, चहाचा डाग वगळता कुठेही खाडाखोड न करता लिहिला. दुसरा साक्षीदार बाळाने आणावा, कोणीही चालेल.

ठिकाण: विलेपार्ले
दिनांक: ८ नोव्हेंबर १९८६
सही: जयवंत धोंडू गुरव

साक्षीदार १: बाळा सावंत. अट मान्य. सायकल मला दिली असतीस तर घंटी दुरुस्त केली असती.

साक्षीदार २: सही करणार नाही. कार्ड मी त्याच दिवशी वाचलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायला छापखान्यात आले, तर तू म्हणालास, मी गेलो! सोमवारी हॉस्पिटलात येते. बाबांना तूच सांगायचंस. आणि आमंत्रणाचं कार्ड मराठीत छाप, बिनचौकटीचं.
उत्तरा