ऑफलाइनसमोरची खूण

कोल्हार,
२० ऑक्टोबर १९९९

प्रिय प्रवीण,

सप्रेम जय भीम. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे, कारण घरचा पत्ता माझ्याकडे नाही. जानेवारीत आलास तेव्हा दिलेलं कार्ड कपाटात होतं, त्यावरून एकेक अक्षर उतरवून घेतलं. पोस्टमास्तर म्हणाले, परदेशात पोचायला बारा दिवस लागतील.

आमचं बरं आहे. काल विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. तुझ्या आईनं पन्नास माणसांची खीर केली होती. मीही खाल्ली. गोड होती का फिकी, हे विचारशील तर सांगता येणार नाही. हल्ली असंच होतं. काही दुखत नाही, खुपत नाही, झोप लागते, भूक लागते. डॉक्टरला दाखवावं असं काहीच नाही, पण सगळं अंग गोधडीत गुंडाळल्यासारखं असतं.

लिहायचं ते मशीनबद्दल. तू बसवून दिलेला कॉम्प्युटर जुलैपासून अडला आहे. म्हणजे तसा तो चालतो, पडदा उजळतो, पत्त्यांचा खेळ सुरू होतो. इंटरनेटची पानं दाखवणारा ब्राउझर तेवढा हटून बसला. मेल उघडायला जावं तर जुनंच पान समोर. तुझी शेवटची मेल २९ जूनची, 'रश्मीचा फोटो मिळाला, विचार करून कळवतो' एवढीच. तुझी आई रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन त्या पानासमोर बसते. तिच्या मते तुझं उत्तर येऊन पडलेलं आहे, फक्त बाहेर निघत नाही. "मशीनमधी अडकलंय त्याचं पत्र. तुमी जलमभर लोकांचे फोन दुरुस्त केले, घरचं एक व्हईना तुमाला!" हे मला रोज चहाबरोबर मिळतं.

तुझा नवा फोन नंबरही त्या मशीनमध्येच आहे, अशी तिची खात्री. जुना नंबर तिनं ऑगस्टमध्ये बाजारातल्या आयएसडी बूथवरून लावून पाहिला, तर कोणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगून गेली. मग म्हणाली, कागदी पत्र लिहा. लिहून टाकलं, असं मी तिला दोनदा सांगितलं. टाकलं नव्हतं.

इकडे आप्पासाहेब. एकवीस वर्षं माझ्याबरोबर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस, त्याची पोर सून करून घेतो असा मी शब्द दिलेला. रश्मी आता सुप्याच्या कारखान्यात ऑफिसात लागली आहे. आप्पासाहेब दर आठवडी बाजाराला येतात, ओट्यावर बसतात आणि मशीन झालं का नीट, असं विचारतात. पोरीचं नाव काढत नाहीत. भिडस्त माणूस. मी म्हणतो, अजून बंदच आहे.

खात्यात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आधी लाइन तपासायची, मग यंत्र, आणि ग्राहक सगळ्यात शेवटी, कारण ग्राहक हमखास खोटं बोलतो. त्याप्रमाणे मी लाइनपासून सुरुवात केली. एकसष्टाव्या वर्षी घरासमोरच्या खांबावर चढलो. खालून तुझी आई, "उतरा आदी, हाडं मोडायची हायेत का?" म्हणून ओरडत होती आणि शेजारी मजा बघत होते. लाइन स्वच्छ होती. मग घरातली वायर बदलली, मोडेमची पिन घासली, तू वहीत लिहून दिलेल्या सगळ्या सूचना ओळीनं करून पाहिल्या. मशीन बंद करून चालू केलं, ते तर किती वेळा त्याला गणती नाही. पान तेच. दोन महिने मी हे करत होतो. सेवेत असताना एवढा जीव कुठल्या साहेबाच्या फोनसाठीही टाकला नाही.

शेवटी शुभांगी मॅडमना बोलावलं. स्टँडमागे टायपिंगचा क्लास होता ना, तिथे त्या आता कॉम्प्युटर शिकवतात. सव्वीस सप्टेंबरला रविवारी आल्या, तुझी आई तेव्हा वंदनेला विहारात गेली होती. मॅडमनी वरचं 'फाइल' उघडलं आणि मला बोट लावून दाखवलं. 'ऑफलाइन' असं लिहिलेलं आणि त्यासमोर बरोबरची बारीक खूण. जुलैत वादळानं लाइन गेली होती, तेव्हा मशीननं काही विचारलं असेल आणि आम्ही न वाचता 'हो' दाबलं असेल. खूण असेपर्यंत ते बाहेर बघतच नाही, जवळचं जुनं पान दाखवत बसतं. मॅडमनी खूण काढली. मोडेम किरकिरला, पान आलं. २९ जूनच्या वर काही नव्हतं. एकही पत्र नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, बघा काका, झालं चालू. मी हो म्हणालो, त्यांना चहा केला, फाटकापर्यंत सोडायला गेलो. परत आलो, 'फाइल' उघडलं आणि ती खूण माझ्या हातानं पुन्हा लावली. एकतीस वर्षं बंद लाइनी चालू केल्या. चालू लाइन बंद करण्याची ही पहिलीच वेळ. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, दुसरंही काही वाटलं नाही. तुझी आई आली, पानासमोर बसली, आणि अजून अडकलेलंच हाय म्हणाली.

आता तिनं माझा नाद सोडला आहे. तिचा भाऊ सहादेव पंधरा नोव्हेंबरला जीप घेऊन येणार आणि मशीन नगरला न्यायचं, ती स्वतः बरोबर जाणार. तिथला माणूस दोन मिनिटांत ती खूण काढेल आणि तिच्या डोळ्यांदेखत रिकामं पान उघडेल. म्हणून आज बसलो लिहायला.

अकरा जुलैला तुझा फोन आला तेव्हा ती बहिणीकडे पाथर्डीला होती. रश्मीला नाही म्हणा, मी इथे कोर्टात लग्न केलं आहे, असं तू म्हणालास. मला आप्पासाहेबांचं तोंड दिसलं, तुझं नाही. या घरात पुन्हा फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, आमच्या लेखी तू नाहीस, असं मी म्हणालो आणि रिसीव्हर ठेवला. ते तुझ्या आईला आजतागायत सांगितलेलं नाही. आप्पासाहेबांनाही नाही, आणि त्यांची पोर तीन महिने माझ्या भरवशावर ताटकळते आहे. मला वाटत होतं, बाप काहीही बोलो, पोरगं लिहितंच. म्हणून खांबावर चढलो होतो. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस, हे तेवढं ऐकलंस. प्रवीण, मी ते शब्द परत घेतो. चूक माझी होती. या रविवारी आप्पासाहेबांकडे जाऊन मी सगळं सांगणार आहे, ते जे बोलतील ते ऐकून घेईन. तुझ्या आईला मात्र तू सांग. हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी मेल टाक. ती विहारात गेली की मी रोज खूण काढून बघत जाईन, आणि मेल दिसली की तिला हाक मारून आणेन. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, पण त्यात सूनबाईचं नाव लिही. तुझी आई आधी तेच विचारणार, आणि मी ते त्या दिवशी विचारलं नव्हतं.

तुझाच,
अण्णा