मंगळसूत्र वाढलं

मंगळवार, रात्र

सकाळी मंगळसूत्राचा दोरा तुटला. मी म्हटलं, "वाढलं गं." नात रेवा विचारते, "बढ़ गया? मतलब लंबा हो गया, आजी?" लखनौत जन्मलेली पोर, तिला काय कळणार. सांगितलं, तुटलं म्हणू नये, म्हणून वाढलं म्हणायचं.

तिला आनंदच झाला. मोबाइलवर गोष्टी लिहिते, शेवटी वाचणाऱ्याला धक्का देते. "आजी, यही तो ट्विस्ट है! सबको लगेगा कुछ अच्छा हुआ, और शाम को दादाजी सब्जी लेने गए तो लौटे ही नहीं."

"मारायला माझाच नवरा सापडला का तुला?" म्हटलं. दोघी हसलो. असलं मी मानत नाही.

संध्याकाळी हे तेलीबागेच्या बाजारात भाजीला गेले ते येईचनात. मोबाइल घरीच. माझा हात सारखा मोकळ्या गळ्याकडे. दोरा जुना होता, तुटला, त्यात काय? मानत नाही, तर सारखी दारात का जात होते?

आले शेवटी. पिशवी रिकामी, सदरा घामाने भिजलेला. हळूच म्हणाले, "छातीत जड झालं म्हणून बाकावर बसलो. पोरांना सांगू नकोस."

मी तिथूनच मुलाला हाक मारली. त्याने गाडी काढली. रेवा रडत म्हणाली, "मिटा दी, आजी, वो कहानी पूरी मिटा दी." म्हटलं, "रडायचं नंतर. आधी आजोबांना धर."

मला घरीच थांबवलं. निघताना हे म्हणाले, "येतो."

"या," म्हटलं. "भाजी आणायची राहिलीय."

फोन अजून नाही.