वेनफर्डची माल्टभट्टी आणि सिडनीचं सिमेंट

मी, एनस गॅरड, वय एकोणऐंशी, निवृत्त गवंडी, राहणार मिल लेन, वेनफर्ड, सफोक परगणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. मार्चपासून अंथरुणाला खिळलो आहे, पण बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझा मुलगा क्लेमेंट याला मिळावी. परसातले सफरचंदाचे झाड त्याच्या आईने, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नी आयव्हीने लावलेले आहे. ते तोडू नये.

२. करण्या, हातोड्या आणि चुना मळायचे घमेले परगण्याच्या गवंडी शाळेला द्यावे. घमेले कुणी नको म्हणेल. तरी द्यावे.

३. भिंत सरळ आहे का ते पाहायचा माझा ओळंबा आयव्हीचा भाऊ सिडनी पास्क याला द्यावा. त्याला तो कधीच वापरता आला नाही. कारण नोंदवून ठेवतो.

चव्वेचाळीस वर्षे मी इथल्या माल्टिंगच्या, म्हणजे बिअरसाठी सातूचा माल्ट करणाऱ्या कारखान्याच्या, इमारतींची डागडुजी केली. मोड आलेले सातू जिथे वाळवत, त्या भट्टीच्या भिंती तापल्या की फुगत आणि निवल्या की बसत. चुना विटेबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही. १९५२ साली मी आजारी असताना माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सिडनीने उत्तरेच्या भिंतीत सिमेंट भरले. परतल्यावर ते माझ्या लक्षात आले. मी मॅनेजरकडे निघालो, तर आयव्ही दारात आडवी आली.

"एकुलता एक भाऊ आहे हो माझा. नोकरी जाईल त्याची."

मी गप्प बसलो. म्हणून दोष निम्मा माझा.

गेल्या महिन्यात सिडनी भेटायला आला. "एनस, राग आहे का रे अजून?"

"आहे."

"बरं. मग चहा तरी पाज."

नर्सबाईंना सांगून पाजला.

४. ती भट्टी माझी नव्हती, म्हणून कुणाच्या नावे करता येत नाही. माल्टिंग अकरा वर्षे बंद होते. या वसंतात इंजिनिअर आला, उत्तरेच्या भिंतीची भेग पाहिली आणि इमारत धोकादायक ठरवून गेला. ती पाडू नये म्हणून मी नगरपालिकेला सात पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले, त्यात माझे आडनाव चुकले होते. पाडायचे काम क्लेमेंटला मिळाले. त्याचा धंदाच तो आहे.

"बाबा, मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. तो लोखंडी गोळा घालून पाडेल. मी निदान वीट न् वीट उतरवीन."

"उतरवशील तशी परत चढवशील का?"

तो उठून निघून गेला. आठवडाभर घरीच आला नाही.

५. मग एका दुपारी आला. केसांत लाल भुकटी. माझ्या पायाशी बसला.

"बाबा, छप्पर उतरवलं. पण आतली कमान कशावर उभी आहे तेच कळत नाहीये. चार माणसं आत आहेत माझी. कुठून सुरुवात करू?"

ते सांगू शकणारा वेनफर्डात मी एकटाच उरलो होतो. मी गप्प बसलो असतो, तर भट्टी आणखी थोडे दिवस उभी राहिली असती. किंवा त्या चौघांवर कोसळली असती. एकदा गप्प बसून पाहिले होते.

"पश्चिमेच्या खांबाखाली आधी लाकडी टेकू दे. कमान बांधून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना शेवटपर्यंत हात लावू नकोस. कमान मधून फोडायची नाही, दोन्ही बाजूंनी बरोबरीने उतरवायची."

त्याने पाकिटामागे लिहून घेतले. स्पेलिंगही मलाच विचारले.

नऊ दिवसांत भट्टी जमिनीला लागली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. मी सांगितले तसेच क्लेमेंटने काम केले, अगदी नीट केले, आणि तसे मी त्याला तोंडावर म्हणू शकलो नाही. म्हणून ते इथे लिहिले आहे. वकिलांनी हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

एनस गॅरड

साक्षीदार:
डॉर्कस फुल्चर, गावची नर्स
रूबेन लार्टर, पोस्टमन

वेनफर्ड, १९ ऑक्टोबर १९७९