भोंग्यावरून घेतलेलं नाव

आत-बाशी,
११ मे २००८

वन्सं,

अनेक आशीर्वाद. बाळाला माझा एक गोड मुका दे.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या दादांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण घोड्यावर बसले की गुडघाही बरा असतो आणि स्वभावही. परवा करडी घोडी व्यायली. शिंगराचे पाय असे लांबलचक की दादा म्हणाले, "आधी नुसते पायच आलेत, घोडा मागून येतोय." धाकटा परीक्षेत पास झाला. कसा ते विचारू नकोस.

आता खरं बोलते. गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, "वहिनी, सासूबाई बाळ मागताहेत. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं म्हणतात. तू मला जन्म देऊन आईच्या ओटीत घातलंस, तेव्हा तुला जड नाही गेलं का गं?" आणि मी "हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही" करून फोन ठेवून दिला. सगळं ऐकू येत होतं. मागे बाळ रडत होतं तेसुद्धा. दुसऱ्या दिवशी तू परत केलास तेव्हा दादांना पुढे केलं. ते बिचारे तुझ्याशी पाऊण तास हवापाण्यावर बोलले.

तुझी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन दोन हिवाळे झाले. त्या असत्या तर हे पत्र लिहिलं नसतं. भ्याले असते म्हणून नाही. त्यांना वाईट वाटलं असतं म्हणून.

लिहायला घेतलं की मला सगळ्यात आधी ते सरोवरच आठवतं. इसिक-कुल, सत्त्याऐंशीचा जुलै. तू सात वर्षांची. दादांना उत्तम मेंढपाळ म्हणून कामगार संघाकडून विश्रामधामाचे बारा दिवस मिळाले होते. सासूबाई चहाचा समोवार घेऊन निघाल्या. दादा म्हणाले, "अगं आई, तिथे चहा मिळतो." "मिळत असेल. पण तो चहा असेल का?" झालं. बसमध्ये समोवार माझ्या मांडीवर आणि तू त्यांच्या.

घाट उतरून पाणी दिसलं तशी तू खिडकीला नाक लावून ओरडलीस, "एवढं मोठं कुरण आणि एक मेंढी नाही!" अख्खी बस हसली. रस्त्यावर सुकवलेल्या मासळीच्या माळा विकायला होत्या. तू एक गळ्यात घातलीस आणि आठ दिवस काढेना. काय वास यायचा गं तुझा!

सासूबाई झग्यासकट, डोक्याच्या फडक्यासकट पाण्यात शिरल्या. दोन्ही हातांनी फडकं धरून गळ्यापर्यंत उभ्या. "थंड आहे का?" विचारलं तर म्हणाल्या, "अजून ठरवतेय." मी आयुष्यात त्यांना तेवढं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही. दादांची पाठ पहिल्याच दिवशी भाजून लाल झाली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना दही चोपडलं, तर ते म्हणतात, "आता कांदा घाला आणि वाढा." जर्दाळू तर इतके खाल्ले की तिघांची पोटं बिघडली. तुझं नाही बिघडलं. तुझं पोट कशानंच बिघडायचं नाही.

चांगलंच सांगत बसलेय बघ. वाईट सांगायला हात वळत नाही.

तुझ्यानंतर सात वर्षं मला मूल नव्हतं. धाकटा पुढे दोन वर्षांनी झाला. म्हणजे तेव्हा मला एकच लेकरू, आणि ते एकाच घरात, एकाच ताटात जेवून मला वहिनी म्हणायचं. विश्रामधामात जेवण वाढणारी एक रशियन बाई होती, बडबडी. मला म्हणाली, "पोरगी हुबेहूब तुझ्यावर गेलीय." सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "माझी आहे. शेंडेफळ." बाई पुढच्या टेबलाकडे गेली. मी भाकरी मोडत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी सासूबाई छत्रीखाली पडल्या होत्या, दादा कुठेतरी पत्ते कुटत होते. किनाऱ्यावर उंट घेऊन एक फोटोवाला फिरायचा. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तुझा हात धरला आणि त्याच्याकडे गेले. दोघींचाच एक फोटो हवा होता मला. तेवढाच. फोटोवाला म्हणाला, "आईला चिकटून उभी राहा, बाळ." आणि तू म्हणालीस, "ही आई नाहीये काही! ही आमची वहिनी आहे. आई तिकडे घोरतेय."

तू खरंच बोललीस. सात वर्षांच्या पोरीनं दुसरं काय बोलायचं? पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुझा हात झटकला. म्हटलं, "मग जा! जा तुझ्या आईकडे! माझ्याकडे कशाला आलीस?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि निघालीस. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. उंटाकडे पाठ करून रडत उभी राहिले. छत्रीपाशी परत आले तेव्हा सासूबाई एकट्याच झोपलेल्या.

एवढी वर्षं घरात सगळे काय म्हणत आले? आईला डुलकी लागली आणि पोर हरवली. सासूबाई स्वतःही तेच म्हणायच्या, "माझ्या मेलीच्या झोपेनं घात केला असता." लग्नाकार्यात, भरल्या पंगतीत म्हणायच्या, आणि मी तिथेच चहा ओतत असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. झोपेनं नाही गं. मी घालवलं तुला.

मी धावत जीवरक्षकांच्या चौकीवर गेले. तिथे भोंगा होता. माइकवरच्या माणसानं विचारलं, "मुलीचं नाव?"

आणि माझ्या तोंडून नाव निघेना. हसू नकोस. सुनेनं सासरच्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे हाडात भिनलेलं. सासऱ्यांचं नाही, दिरांचं नाही, नणंदेचंही नाही. आणि तू तर कागदोपत्री, बोलण्याचालण्यात, सगळीकडे माझी नणंद! तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी तुला 'गोरी'च म्हणायचे. मी म्हटलं, "गोरी."

तो माणूस वैतागला. "बाई, अर्धा मॉस्को इथे उघडा पडलाय. गोरी म्हणून पुकारलं तर हजार पोरी येतील. नाव सांगा, नाव!"

"सात वर्षांची आहे. गळ्यात मासळीची माळ असते."

"आणि नाव? तुम्ही तिच्या कोण? स्वतःच्या पोरीचं नाव माहीत नाही?"

सासूबाई एव्हाना जाग्या होऊन अनवाणी पळत आल्या होत्या. त्यांना दम लागला होता, आवाज फुटत नव्हता. समोर पाणी चकाकत होतं आणि त्यात शेकडो डोकी. मी त्या माणसाच्या हातातून माइक ओढून घेतला आणि ओरडले, "केन्जेगुल! केन्जेगुल, परत ये! तुझी आई इथे थांबलीय! आई बोलावतेय!"

पहिल्यांदा घेतलं तुझं नाव. सासूबाईंच्या समोर, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं. किती वेळा घेतलं ते माहीत नाही. त्या माणसानं शेवटी माझी बोटं सोडवून माइक घेतला.

तू धक्क्याकडून आलीस, हातात कुणीतरी दिलेलं मक्याचं कणीस. मी गुडघ्यावर बसून हात पसरले. तू पळत आलीस, माझ्या बाजूनं गेलीस आणि सासूबाईंच्या पोटाला मिठी मारलीस. आई बोलावतेय म्हटल्यावर तू आईकडे गेलीस, त्यात तुझं काय चुकलं? त्यांनी आधी तुझ्या एक थोबाडीत दिली आणि मग ऊर फुटेस्तोवर रडल्या. मी हात तसेच धरून किती वेळ बसले होते, देव जाणे.

खोलीवर आल्यावर मला वाटलं, आता बोलतील. नाव घेतलंस, आई म्हणवून घेतलंस, सगळं ऐकवतील. त्यांनी समोवार पेटवला आणि म्हणाल्या, "पोर दमलीय. आज हिला तुझ्याजवळ निजव." आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या.

त्या दुपारी तू माझ्या कुशीत दोन तास झोपलीस. घामेजलेली, केसात वाळू, मासळीचा वास. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी सुट्टी तेवढीच.

पुन्हा त्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. तुझी आई चांगली होती, वन्सं. तुला दुधासायीवर वाढवलं, शिकवलं, शहरात पाठवलं. तिनं मला छळलं नाही. तिनं फक्त मागितलं, आणि रीतच होती म्हणून मी मान खाली घालून दिलं. मी ओली बाळंतीण, माझी छाती चौदा दिवस फडक्यानं आवळून बांधली होती. तू विचारतेस जड गेलं का. हो. जड गेलं. अजून जातं.

तुझी सासूही चांगली आहे. चांगल्या माणसांना नाही म्हणायला जीभ उचलत नाही, मला ठाऊक आहे. आधी मी ठरवलं होतं, सल्ला द्यायचा नाही, तुझं तू बघ म्हणायचं. पण नको. सांगतेच. देऊ नकोस. त्यांना रोज बोलाव, बाळ त्यांच्या मांडीवर दे, नाव त्यांना ठेवू दे, सगळं कर. पण रात्री ते तुझ्याजवळ आणि तोंडानं तुला आई म्हणणारं असू दे. रागावतील, वर्षभर बोलणार नाहीत. वर्ष जातं.

पहिल्या बाळाचा पाळणा मुलीच्या आईनं न्यायचा असतो. आता ती नाही, तेव्हा मी सुताराकडून जुनिपरच्या लाकडाचा करून घेतलाय. शनिवारी सकाळच्या गाडीनं घेऊन येते. तो तुझ्या खोलीत लागेल, तुझ्या पलंगाशेजारी. लावेपर्यंत मी तिथून हलणार नाही. दारात तुझी सासू विचारील, पाळणा तर आईनं आणायचा, ही कोण म्हणून घेऊन आली. मी गप्प राहीन. तू सांग. तू जे म्हणशील ते मी आहे.

वाट बघ, केन्जेगुल.

अनारकान