दोन दारांचा एजंट

सेक्टर ५, भिलाई
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. नरेशला ताईचा सप्रेम जयभीम.

काल मंगळवारी, ११ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वैशाली नगरातल्या एका ओसरीवर माझा विश्वासघात झाला. फोनवर सांगितलं असतं तर तू टीव्ही बघत हूं-हूं केलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

ते घर तुला ठाऊक आहे. मागच्या पत्रात मी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल इतकं लिहिलं की तुझ्या सुनितानं विचारलं म्हणे, ताई घर घेताहेत की खिडकी. ते दाखवणारा एजंट अमरदीप. दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आला तोच जयभीम मावशी म्हणत. आत येऊन बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडले, दोन बशा पोहे खाल्ले. आपल्याकडे एवढं झालं की माणूस घरचा. मी त्याच्या चार पानी इंग्रजी करारावर सही केली, वर मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना शोभतील असे त्यातले स्वल्पविराम दुरुस्त करून दिले. त्याच बैठकीत त्याला सांगितलं की ३१ मार्चला माझ्या प्लांटच्या क्वार्टरची मुदत संपते, आणि हे घर हातचं गेलं तर मला कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत सामान कोंबावं लागेल.

काल मालकीणबाई सिंधुताईंशी घराच्या किमतीची बोलणी होती. मी आकडा सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्हाला तर मार्चअखेर क्वार्टर सोडायचंय, मग घासाघीस कशाला. अमरदीप स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बाहेर आल्यावर जाब विचारला तर म्हणतो कसा, मावशी, धंद्यात चालतं असं.

चालतं? तीस वर्षं मी स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. लाइन जोडायची आणि कानावरचा हेडफोन काढायचा. इकडचं तिकडे करायचं असतं तर निम्म्या सेक्टरात भांडणं लावली असती.

नवल याचंच वाटतं की आधी यानंच मला आतली बातमी दिली होती: सिंधुताईंचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, मुलीकडे रायपूरला जायची घाई आहे, भाव दाबा. इतकी मदत करणाऱ्यानं ऐन वेळी असं का करावं?

कराराची प्रत सोबत आहे. रेल्वेत युनियनचे कागद वाचलेस, हाही वाच. मुलांना पापा, सुनिताला जयभीम, आणि बहिणीवरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई

*

गोंदिया
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस धाकट्या नरेशचा सविनय जयभीम.

ताई, मी आपल्या घरच्या बोलीत लिहितो, लाल पेन घेऊन बसू नको. तुह्यं पत्र सुनितानं मोठ्यानं वाचलं, मग मी करार वाचला. तू ज्या चौथ्या कलमात स्वल्पविराम टाकला, त्यातच लिवलं आहे की हा एजंट याच सौद्यात विकणाऱ्याचाही एजंट राहू शकते अन् तुले ते मंजूर आहे. पाचव्यात आहे की सहा महिने दुसरा एजंट करायचा नाही, अन् त्यानं दाखवलेलं घर तू परस्पर घेतलं तरी त्याची दलाली द्यावीच लागन. तुले वाटे तो तुह्या पंगतीत बसला. तो दोन्ही पंगतीत जेवून राहिला होता.

आता एक इचारतो, रागावू नको. ज्यानं त्या बाईचे गुडघे तुले सांगतले, तो तुह्यं क्वार्टर तिले सांगणार नाही, असं तुले कावून वाटलं?

माह्यं आयकशीन तर सही केली ते केली. ती म्हणते तो भाव दे, त्याची दलाली दे अन् घर घे. नाही त गोंदियाले ये, मागची खोली खालीच आहे. चौसष्टाव्या वर्षी कोणाकोणाशी भांडशीन?

सुनिता म्हणते, खिडकी आमच्याही खोलीले आहे. राग आला तरी पत्र बंद करू नको.

तुहा,
नरेश

*

सेक्टर ५, भिलाई
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

चि. नरेशला सप्रेम जयभीम.

मागची खोली तुझ्या जुन्या कूलरसाठी ठेव.

गुडघ्यांचं वाक्य वाचून आधी तुझा राग आला. मग ऑटो केली आणि एकटीच वैशाली नगरात गेले. सिंधुताई दारातच होत्या. एजंटाशिवाय आलेली बघून त्या घाबरल्या. मी ओसरीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल, रायपूरबद्दल मला काय काय माहीत आहे ते सगळं सांगून टाकलं.  तेव्हा बाई म्हणाल्या की गुडघ्याच्या ऑपरेशनचं त मी अजून माह्या पोरीलेही धड सांगतलं नाही, त्या मेल्यानं तुमाले कावून सांगावं.

त्या भंडाऱ्याकडच्या, नवरा प्लांटच्या कोक ओव्हन विभागात कामाला होता. त्यांनी ट्रंकेतून करार काढला: तेच चार पानी इंग्रजी, नाव तेवढं वेगळं. अमरदीप त्यांच्या दारी राम राम काकी म्हणत आला होता आणि देवघरापुढे हात जोडले होते. शेजारच्या सरदारजींकडे सत श्री अकाल. पोहे इथेही दोन बशा. यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना गुडघा धरावा लागला.

मग आमचा भाव ठरला. किती, ते तुला सांगणार नाही. ते आम्हा दोघींतलं आहे.

सही मी नाकारत नाही. पण सही केली म्हणून गप्प बसायचं, असं चारही पानांत कुठे लिहिलेलं नाही. घर त्यानं दाखवलं, त्याची दलाली एकदा मिळेल. दोन दारांतून दोनदा मिळणार नाही. अडवायला आला तर घराचा सौदा लांबेल आणि मुदत माझ्या डोक्यावर आहे, हे मला कळतं. तरी त्याला पाठवलेल्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. वाचून घाबरू नकोस, आणि खिडकीचे पडदे शिवायला सुनिताला मार्चमध्ये इकडे धाड.

तुझी,
ताई

*

[नक्कल]

भिलाई, २२ फेब्रुवारी २०२५

श्री. अमरदीप यांस,

नमस्कार. जयभीम लिहायला विसरलेले नाही, लिहिलेला नाही.

११ फेब्रुवारीला सकाळी अकरा वीसला तुम्ही सिंधुताईंच्या ओसरीवर उभे होतात. त्या वेळी तुम्ही कोणाचे एजंट होतात, ते लेखी कळवा. माझे असाल तर माझ्या क्वार्टरची मुदत त्यांना कशी कळली? त्यांचे असाल तर त्यांचं दुखणं मला का सांगितलंत? चौथ्या कलमात दोघींचं काम करायची मुभा आहे. एकीचं दुसरीला सांगायची मुभा कुठेच नाही. या खेपेस मी करार अर्थासाठी वाचला आहे.

जिचे तुम्ही एजंट असाल, तीच दलाली देईल. दुसरीचा करार रद्द केल्याचं सहीनिशी लिहून द्या. उत्तर शुक्रवार, २८ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या क्वार्टरवर यावं. न आल्यास सोमवारी, ३ मार्चला आम्ही दोघी दुर्गला जाऊन घराची रजिस्ट्री करू आणि तिथून दोन्ही करार घेऊन ग्राहक आयोगात जाऊ.

कागद दारातूनच द्यावा. आत येऊन कोणासमोर हात जोडण्याची गरज नाही.

लोभाची विनंती नाही. उत्तराची आहे.

सत्यशीला
सिंधुताई