बाभळीच्या पाटाचा खुलासा

नाशिक, पंचवटी
माघ वद्य सप्तमी, शके १८५७

राजमान्य राजेश्री गेणूभाऊ यांस केरू खाणावळवाल्याचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? कांद्याला पाणी पुरते ना? वहिनींची दाढ काढली की अजून मंत्रावरच भागवता? (मंत्राने दाढ बरी होत असती, तर तुमच्या मांत्रिकाच्या तोंडात दोनच दात उरले नसते.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे काल चंदर गाडीवाल्याने तुमचा निरोप सांगेपर्यंत होतो. रविवारी गाडी घेऊन येतो, मालनचे गाठोडे बांधून ठेवा, तिला सायखेड्याला न्यायचे आहे, एवढाच निरोप. त्यावर मी जेवलो नाही. (खाणावळवालाच जेवत नाही हे गिऱ्हाइकाला कळणे बरे नव्हे, म्हणून पान पुढ्यात घेऊन बसलो होतो.) तुमच्या कानावर काय आले ते मला समजले आहे. ते कसे आले, तेवढे शांतपणे वाचा आणि मग गाडी जुंपा.

आधी तुमचे आभार. दिवाळीनंतर तुम्ही बाभळीची जाडजूड फळी पाठवलीत, तिने माझ्या घराचे कल्याण केले. झाले असे की, देवळालीच्या एका साहेबाने विलायतेस परत जाताना सामान लिलावात काढले, त्यातून मी ओतीव लोखंडाची मोठी शेगडी आणली. चौघांनी उचलायची वस्तू. सकाळी यात्रेकरूंच्या चहा-भज्यांसाठी ती ओसरीवर लागते आणि दुपारी ओसरीवर पंगत बसते म्हणून आत न्यावी लागते. तुमची बहीण स्वयंपाकाला आल्यापासून रोज दोन वेळा एकटीच ती ओढत होती, मला एका शब्दाने न सांगता. महिन्यापूर्वी तिची कंबर धरली तेव्हा मला कळले. गेणूभाऊ, मला फार लाज वाटली. बायको गेल्यावर तीन वर्षे लोक माझ्याकडे केवळ भूक लागते म्हणून जेवत होते. मालनबाई आली आणि लोक दुसऱ्यांदा भाजी मागू लागले. तिच्या कंबरेवर माझे घर उभे होते आणि मी लोडाला टेकून पान खात होतो.

म्हणून फळी घेऊन बद्रुद्दीन मिस्त्रींकडे गेलो. म्हटले, हिला खालून चाके लावा, वर शेगडी ठेवू, पोरसुद्धा ढकलील. मिस्त्री म्हणाले, म्हणजे ढकलगाडी. मी म्हटले, गाडी हा शब्द काढू नका. गाडी म्हटले की नगरपालिका चाकपट्टी मागेल, आपण याला पाट म्हणू. या हुशारीची मला दोन दिवस मोठी घमेंड होती. विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही आपल्यात पाटच म्हणतात, हे मिस्त्रींना नसले तरी मला आठवायला हवे होते. तसे न होता मी भर रस्त्यावर मोठ्याने म्हणालो, "मालनबाईसाठी पाट करायचाय, या आठवड्यातच उरकून टाका." शेजारच्या लंकाबाई तेथेच खाटेचा पाय बसवून घ्यायला आल्या होत्या. त्या पाय तसाच टाकून निघून गेल्या.

पुढे चाकांचा शोध. जुन्या बाजारात एक पांगुळगाडा मिळाला, तो काखोटीला मारून मी सगळ्या गल्लीतून घरी आणला. सत्तेचाळीस वर्षांचा विधुर सोमवारी पाट ठरवतो आणि बुधवारी पांगुळगाडा आणतो, तेव्हा लंकाबाईंनी बोटांवर महिने मोजले असतील तर त्यांना तरी काय बोलावे? शेवटी त्या चाकांनी शेगडीखाली मान टाकली ती टाकलीच. मग मिस्त्रींनी कुठूनशी चार लोखंडी चाके आणून बसवली आणि मजुरीला हात लावीनात. म्हणाले, "बहेन की कमर का काम है, केरूभाऊ." अशी माणसे शेजारी असल्यावर मी देवाकडे आणखी काय मागावे?

गुरुवारी पाट कामाला लागला. शेगडी झोकात आत गेली, वर आमटीचे पातेले चढले, ओसरीवर पंगत बसली. माझ्या घराच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार आहे, हे मला तेथे पंधरा वर्षे राहून त्या दिवशी समजले. पाट आपणहून बाहेर निघाला. पुढून अडवावा की मागून धरावा, या विचारात मी असताना तो दाराच्या चौकटीवर आदळला आणि मालनबाई आतून ओरडली, "लागला गं बाई, पाट लागला!" पंगतीत तुमच्या गावचे दोन कांदेवाले होते. आमटी त्यांच्या धोतरावर गेली आणि बातमी सायखेड्याला. इकडे लंकाबाईंनी साखर वाटली. (मीही चिमूटभर खाल्ली. मला वाटले, त्यांच्या नातवाचे बारसे आहे.)

तर गेणूभाऊ, असे काही झालेले नाही. मालनबाई माझ्या मावशीकडे राहते आणि दिवेलागणीच्या आत तेथे पोहोचते. माझ्या जिभेमुळे तिच्या नावाला बोल लागला असेल, तर चारचौघांत तुमचे पाय धरीन. पण तिला नेऊ नका. हे मी खाणावळीसाठी म्हणत नाही. स्वयंपाकाला दुसरी बाई मिळेल. आता पाटाला खुंटी लावली आहे, तो एका हाताने ढकलता येतो, आणि तेव्हापासून ती कामात गुणगुणते आहे. ते ऐकायला मिळते, हे तुमचेच उपकार.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो गाडी जुंपताना थोडा वाढवावा.

आपला,
केरू

ता. क. पत्र मालनबाईला वाचून दाखवले, कारण अब्रू तिची. ती कांदा चिरत ऐकत होती. 'असे काही झालेले नाही' याच्यापुढे मी 'आणि होणारही नाही' असे लिहिले होते. तिने ते मला दोनदा वाचायला लावले. मग खाली बघूनच म्हणाली, "झालं नाय, एवढं लिवा. होणार नाय, असं कशापायी लिवता?" ते शब्द मी खोडले आहेत. तेथे शाई सांडली आहे असे समजू नये.

आणखी ता. क. रविवारी गाडी घेऊन याच. गाठोडे बांधलेले नसेल. वहिनींना आणि भावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बरोबर आणा. तुमच्यासमोर माझे तोंड उघडणार नाही, म्हणून येथेच मागतो: तुमची बहीण मला द्या. नाही म्हणायचे असेल, तर आधी जेवा आणि मग म्हणा. स्वयंपाक तीच करणार आहे.